प्रस्तावित फौज

डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या मित्राला "वर्ष-दीड वर्ष धरून चला" असं सांगितलं, त्याच संध्याकाळी त्याने मला क्रांती चौकात चहाला बोलावलं आणि टेबलावर एक खोकं ठेवलं. साखरेने त्याच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब केले होते. लेझर करून झालं होतं, डोळ्यात इंजेक्शनं घेऊन झाली होती. आता जेवढं दिसतंय तेवढं जमेल तितके दिवस टिकवायचं, इतकंच डॉक्टरांच्या हातात उरलं होतं. हे सगळं त्याने चहा येईपर्यंत सांगून संपवलं आणि मग खोक्यावर टिचकी मारली.

"ह्यात दोन फौजा हायेत. एक माझी, एक तुझी. आपापली रंगवायची, समोरासमोर मांडायची अन् एक लढाई खेळायची. मला ती डोळ्यानं बघायचीय. दुसरं काय मागत न्हाई मी तुला."

मी लगेच हो म्हणालो. हो म्हणण्यात मी आयुष्यात कधी मागे पडलेलो नाही. वर असंही म्हणालो की वर्ष-दीड वर्ष कशाला, पावसाळ्याच्या आत खेळू. हे वाक्य मला अजून आठवतं आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आमची ओळख पॉलिटेक्निकच्या होस्टेलमधली. तो सोयगावकडचा, शेतीच्या घरातला. माझं घर शहरातलं, तीन पिढ्या सरकारी टेबलाला चिकटून बसलेलं. तो पुढे वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागला. साचे बनवायचे, घासायचे, तपासायचे, हे त्याचं काम. केसाएवढी चूक त्याला यंत्राशिवाय नुसत्या नजरेने कळायची, आणि या नजरेचा त्याला गर्व होता. परदेशातून मशीन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरच्या बॅगेत त्याने एकदा बोटाएवढा रंगवलेला राक्षस पाहिला. मला त्याने तो राक्षस तासभर सांगितला होता. तोंड केवढं, त्यात दात किती, आणि एका दाताला कीड कशी दाखवली होती. "साचा कसा पाडला असंल रे ह्याचा?" हे त्याने तेव्हा निदान दहा वेळा विचारलं. नंतर कधीतरी पुण्याहून त्याने हे खोकं मागवलं आणि कपाटात ठेवून दिलं. डॉक्टरांनी सांगितल्यावर कपाट उघडलं.

खेळ समजायला फार अवघड नाही. मोठं टेबल घ्यायचं, त्यावर डोंगर, झाडं, भिंती मांडायच्या. दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंचाचे सैनिक उभे करायचे. टेपने मोजून ते पुढे सरकवायचे आणि कुणाचा बाण लागला, कुणाची तलवार चुकली, हे फासे टाकून ठरवायचं. सैनिक मात्र तयार मिळत नाहीत. त्यांचे सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीतून कापून काढायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. खोक्यात एका बाजूला राक्षस होते आणि दुसऱ्या बाजूला एल्फ. एल्फ म्हणजे जंगलात राहणारे, उंच, सडपातळ, टोकदार कानांचे धनुर्धारी. राक्षस त्याने स्वतःकडे ओढले.

"हे तुझे," तो म्हणाला. "तुमच्या घराण्यासारखेच हायेत. गोरे, नाजूक, अन् धनुष्य धरलंय तेबी पेन धरल्यावानी."

घरी मी बायकोला एल्फ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिने ते "हाफ" असं ऐकलं आणि पुढे कायम हाफच म्हणत राहिली. "तुमचे हाफ टेबलावरून उचला, जेवायला वाढायचंय." टेबलावर तेव्हा एकही एल्फ नव्हता. कागद होते.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मी नकाशे काढतो. एका सिव्हिल इंजिनिअरच्या ऑफिसात लेआऊट काढायचं काम मी वीस वर्षं केलं. ही गोष्ट घडली त्या वर्षांत पाऊस नव्हता, प्लॉट मात्र वाढत होते. लागोपाठ दुष्काळ पडत होता, जायकवाडी धरणात मृतसाठा उरल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि शहर चारी बाजूंनी फुगत चाललं होतं. ज्वारीच्या रानांत मी रस्ते आखत होतो, बागा आखत होतो, पाण्याच्या लाइनी आखत होतो. नकाशात जे जमिनीवर असतं ते सलग रेषेने काढतात आणि जे पुढे होणार असतं ते तुटक रेषेने. तुटक रेषेशेजारी बारीक अक्षरात लिहायचं, "प्रस्तावित". प्रस्तावित रस्ता. प्रस्तावित उद्यान. प्रस्तावित जलवाहिनी. हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की माझ्या सहीपेक्षा तो जास्त वळणदार येतो. मी स्वतः बीड बायपासच्या पलीकडे अशाच एका वसाहतीत राहायला गेलो होतो. तिचा नकाशा मीच काढला होता आणि तिथली जलवाहिनी अजून तुटक रेषेतच होती. आम्ही टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरायचो.

तर एल्फांची फौज उभी करायची म्हटल्यावर मी पहिल्यांदा चौकटीचा कागद घेतला. फौजेत कोण कोण हवं, किती धनुर्धारी, किती भालेवाले, किती घोडेस्वार, सेनापती कोण, झेंडा कुणाकडे. नियमाप्रमाणे प्रत्येक सैनिकाला काही गुण असतात आणि दोन्ही फौजांचे गुण सारखे व्हावे लागतात. मी एक यादी केली, मग दुसरी, मग दोन्हींची तुलना करणारी तिसरी. खोक्यात जेवढे एल्फ होते त्यापेक्षा जास्त माझ्या कागदावर होते. त्यांचं जंगल कसं असेल तेही मी ठरवलं. नदी कुठून येते, तिला कुठे वळण आहे, पाणवठे किती. एल्फांच्या राज्याचा नकाशा काढला आणि ट्रेसिंग पेपरवर शाईने गिरवला. ज्या शहरात प्यायचं पाणी बादलीने मोजत होते तिथे बसून मी टोकदार कानांच्या लोकांसाठी सात झरे काढले. आणि मला छान वाटत होतं, हे कबूल करतो. फार वर्षांनी मी स्वतःसाठी काहीतरी काढत होतो.

त्याने पंधरा दिवसांत सगळे राक्षस रंगवून टाकले.

एका रविवारी त्याच्या हर्सूलच्या घरी गेलो तर खिडकीत वर्तमानपत्रावर ते ओळीने वाळत पडले होते. रंग हार्डवेअरच्या दुकानातला, दारं-खिडक्यांना देतात तो. हिरवा भडक आणि जाड, काहींचे डोळे रंगात बुडून गेले होते. मी बारकाईने पाहून म्हणालो की रंग जरा पातळ करायला हवा होता, तपशील झाकला गेलाय.

"झाकू दे. मला कुठं पुढं दिसनारंय तपशील," तो म्हणाला आणि हसला. "तुझे किती झाले?"

"प्रस्तावित आहेत," मी म्हणालो.

त्यावर तो पोट धरून हसला. वहिनींना आतून बोलावून त्याने त्यांनाही ऐकवलं. पुढे हा आमच्यात ठरलेला विनोद झाला. दर रविवारी तो विचारायचा, "किती झाले?" आणि मी म्हणायचो, "प्रस्तावित." तो हसायचा. किती रविवार तो खरंच हसत होता, ते मला सांगता येणार नाही.

मी काहीच केलं नाही असंही नाही. उन्हाळ्यात एक एल्फ चिकटवला. रंगाच्या आधी अस्तर मारावं लागतं म्हणून गच्चीवर नेऊन स्प्रेने अस्तर मारलं. दुपारचं ऊन असं होतं की फवारा सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळत होता, आणि एल्फाच्या अंगावर रव्यासारखी कणी बसली. तो घासून साफ केला, दुसरा घेतला, सकाळी लवकर अस्तर मारलं. ते जमलं. मग झगा रंगवला, चेहरा रंगवला. शेवटी घड्यांमध्ये सावली दिसावी म्हणून काळसर रंग पाण्यासारखा पातळ करून अंगभर सोडला आणि वाळायला ठेवला. दुपारी येऊन बघतो तर एल्फ पांढरा. बादलीच्या काठाला आणि नळाच्या तोंडाला जमतो तसा क्षाराचा थर त्याच्या झग्यावर, केसांवर, नाकावर जमला होता. आमच्या बोअरचं पाणी. रंगातलं पाणी उडालं आणि क्षार मागे राहिला.

इथे माझं डोकं चाललं आणि चाललं ते उलट्या दिशेला. मी ठरवलं की फौज रंगवायची तर गोड्या पाण्याने, म्हणजे धरणाच्या पाण्याने. आमच्याकडे ते येत नव्हतं. ऑफिसच्या नळाला आठवड्यातून एकदा यायचं. मी बाटली न्यायला विसरायचो. आठवण राहिली त्या आठवड्यात पाणी गढूळ आलं, कारण धरण तळाला गेलं होतं. मग म्हटलं, जरा निवळू दे, पाऊस झाला की स्वच्छ येईल. पाऊस झाला नाही. मी मित्राला हे सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. क्षार, घनता, निवळी. तो ऐकत होता. शहाणा माणूस आपल्याला काहीतरी सांगतोय असा त्याचा चेहरा होता, आणि मला त्या चेहऱ्याचा आधार वाटला. दोष माझा नव्हता, पाण्याचा होता.

दरम्यान तो काय करत होता ते सांगतो. हर्सूलचा तलाव त्या वर्षी पार आटला होता. तळाच्या चिखलाच्या भेगा पडून पापड्या झाल्या होत्या, कडा वर वळलेल्या. तो सकाळी चालत जाऊन चांगल्या पापड्या निवडून आणायचा. जुन्या दाराची फळी घेऊन तिच्यावर त्याने डिंकाने त्या बसवल्या, वाळू टाकली, बाभळीच्या काट्यांची कुंपणं केली. अख्खं रणांगण त्याने एकट्याने उभं केलं. काटे बोटांत घुसायचे कारण ते त्याला नीट दिसत नव्हते. कारखान्यातलं काम त्याने तोवर सोडलं होतं. साहेबांनी स्टोअरमध्ये हलवतो म्हटलं होतं पण हा म्हणाला, मोजून दिलेला माल मी काय नुसता राखत बसू.

दिवाळीपर्यंत त्याने मोटारसायकल चालवणं बंद केलं. मग मीच त्याला मागे बसवून क्रांती चौकात न्यायचो. चहाच्या टेबलावरून तो समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायचा. ही त्याची स्वतःची तपासणी होती, डॉक्टरांची नव्हे. आधी तो दुकानाच्या नावाखालचे फोन नंबरसुद्धा वाचायचा. मग नुसती नावं. मग लाल पाटी, निळी पाटी. एकदा मला म्हणाला, "ती निळी काढली का रे?" पाटी जागेवरच होती. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, काहीतरी विषय बदलला असेन. आणि हे पाहून मी घरी जाऊन काय केलं? झेंड्यावरचं चिन्ह काढलं. पिंपळाचं पान की कण्हेरीचं, यात माझे तीन आठवडे गेले.

त्याच दिवसांत एकदा नियमांचं पुस्तक मी त्याला वाचून दाखवत होतो. त्यात एल्फांची माहिती होती, की हे लोक हजारो वर्षं जगतात.

"आत्ता कळलं," तो म्हणाला. "म्हनून घाई न्हाई तुम्हाला. हजार वर्षं हायेत ना हाताशी. माझे राक्षस बघ. आज हायेत, उद्या न्हाईत, म्हनून पंधरा दिसांत तयार."

तो चेष्टेत म्हणाला, आणि मी चेष्टेतच घेतलं. ते तिथेच लागायला हवं होतं. मला लागलं नाही. निबर कातडी असते एकेकाची.

मग बॅटरीचं पाणी. हा प्रसंग मी कुणालाच सांगितलेला नाही. मी त्याच्याकडे बसलो होतो आणि नेहमीचं रडगाणं गात होतो, की पाणी अजून गढूळच येतंय. तेवढ्यात लाइट गेली आणि त्यांचा इन्व्हर्टर चालू झाला. तो त्या आवाजाकडे मान वळवून क्षणभर थांबला.

"अरे, बॅटरीत टाकतेत ते पानी वापर की," तो म्हणाला. "त्याच्यात कुठं क्षार असतो? म्हनून तर ते टाकतेत."

माझ्या घरात, बोळकंडीत, इन्व्हर्टरच्या शेजारी त्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन वर्षभर उभा होता. दर दोन महिन्यांनी मी स्वतः त्यातलं पाणी बॅटरीत ओतत होतो. क्षार जमू नये म्हणून बॅटरीला शुद्ध पाणी लागतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे. एल्फांसाठी गोडं पाणी शोधत मी त्या कॅनला वळसा घालून रोज ऑफिसला जात होतो.

"हां, ते पण चालेल," मी म्हणालो. त्याला कळलं की नाही ते माहीत नाही. त्याने फक्त मान हलवली आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

खरं तर त्या दिवशी घरी येऊन मी बसायला हवं होतं. पाण्याचं कारण संपलं होतं. तरी मी बसलो नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. मला ती फौज रंगवायचीच नव्हती. कागदावर ती निर्दोष होती. रंगवली की डोळे तिरळे येणार, झग्याचा रंग फाटणार, माझा हात किती साधा आहे ते त्याच्यासमोर टेबलावर मांडलं जाणार. त्याची नजर जाण्यापेक्षा मला त्याच्या नजरेची जास्त धास्ती होती. टूलरूममधली, केसाएवढी चूक पकडणारी नजर. ती नजर जेमतेम उरली होती तरी मी तिलाच भीत होतो. ह्या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करेन असं वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनींचा फोन आला. त्या सहसा मला फोन करत नसत.

"भाऊजी, तुमचं ते झालं का हो?"

"होतंच आलंय, वहिनी."

"तसं न्हाई म्हनत मी," त्या म्हणाल्या. "ते रोज विचारायचे, भाऊजींचे किती झाले असतील म्हनून. आता महिना झाला, विचारतच न्हाईत. मला त्याचंच भ्या वाटू लागलंय."

मी फोन ठेवला आणि ऑफिसात रजेचा अर्ज दिला. नऊ दिवसांत वीस एल्फ चिकटवले, अस्तर मारलं, रंगवले. सकाळी सहाला खिडकीशी बसायचो ते ऊन फिरेपर्यंत. गुलमंडीतून आणलेले झिरो नंबरचे ब्रश, बॅटरीचं पाणी, बशीत रंग. यादी काढून पाहिलीच नाही. कोण सेनापती, कोण भालेवाला, हातात येईल तो. आणि ते सोपं होतं. हेच मला सहन होत नाही. नऊ दिवसांचं काम होतं आणि मला त्यात आनंद होत होता. पाचव्या दिवशी एका धनुर्धाऱ्याचे डोळे असे जमले की मी बायकोला हाक मारून दाखवले. ती म्हणाली, "अगं बाई, हा हाफ तर बघतोय माझ्याकडे." मी हसलो आणि हसता हसता मला रडू आलं. तिने विचारलं काय झालं. मी म्हटलं, डोळे दुखताहेत.

रविवारी दुपारी पेढ्यांच्या खोक्यात कापूस घालून फौज हर्सूलला नेली. वहिनींनी बाहेरच्या खोलीत दाराची फळी दोन स्टुलांवर मांडून ठेवली होती. राक्षस आधीच ओळीत उभे होते, त्यांच्यावर धुळीचा पातळ थर होता. तो खुर्चीत बसला होता. चेहरा आवाजाकडे वळवायची सवय त्याला लागली होती.

"आनली का फौज?"

"आणली."

त्याने हात पुढे केला. मी त्यातल्या त्यात चांगला जमलेला धनुर्धारी त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो खिडकीकडे धरला, डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, थोडा डावीकडे नेला, कारण डाव्या कोपऱ्यातून काहीतरी दिसायचं म्हणे. बराच वेळ तो तसा धरून होता. मग विचारलं, "रंग कोनते दिलेस?"

मी सांगायला लागलो. झगा वाळल्या पानाच्या रंगाचा, आतलं अस्तर गडद हिरवं, पट्ट्याला पितळी बक्कल. केस पांढुरके, डोळे निळे. अर्ज वाचून दाखवावा तसं मी एकेक कलम वाचत होतो आणि माझंच मला ऐकवत नव्हतं. त्याला बघायचं होतं. सांगितलेलं ऐकायचं असतं तर त्याने वर्षभर वाट कशाला पाहिली असती?

"झकास झालेत," तो म्हणाला. "चल, मांड."

आम्ही खेळायला लागलो. तो सांगायचा, माझा तिसरा राक्षस पुढं घे, आणि मी टेपने मोजून घ्यायचो. त्याचे फासे मात्र तो स्वतः टाकायचा. टाकले की विचारायचा, "किती?" आणि मी सांगायचो. वहिनी दाराशी गहू निवडत बसल्या होत्या. पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. तो मध्येच ओरडत होता, राक्षसांचा आवाज काढत होता. मला वाटलं, उशीर झाला पण अगदीच वाया गेलं नाही.

मग त्याचे फासे वाईट पडायला लागले. एक, दोन, परत एक. माझे एल्फ लांबून बाण मारत होते आणि त्याच्या सोंगट्या एकामागून एक आडव्या होत होत्या. मला ते बघवेना. पुढच्या वेळी एक पडला होता, मी "चार" म्हणालो. नंतर दोन पडला, मी "पाच" म्हणालो आणि माझा एक भालेवाला उचलून बाजूला ठेवला. फासा परत घेताना तो त्यावरून अंगठा फिरवायचा. जुनी सवय असेल असं मला वाटलं. टूलरूमचा माणूस कुठल्याही वस्तूवर अंगठा फिरवतोच.

शेवटी त्याच्या सरदाराने माझ्या सेनापतीवर हल्ला केला. त्याने फासा टाकला. दोन.

"किती?"

"सहा," मी म्हणालो. "गेला माझा सेनापती."

त्याने हात पुढे केला, चाचपडत फासा शोधला आणि तो न उचलता त्यावर नुसतं बोट ठेवलं.

"परत बघ."

"सहाच आहे रे."

त्याने दुसऱ्या हाताने माझा हात धरला, ओढून फाशावर आणला आणि माझं बोट वरच्या बाजूवर दाबलं. फाशाचे ठिपके खोलगट कोरलेले असतात. माझ्या बोटाखाली दोन खळगे होते.

"मोज," तो म्हणाला.

वहिनींचा हात सुपात थांबला होता.

"पयल्यापासून कळू राहिलंय मला," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण एवढ्या वर्षांत मी त्याचा तसा आवाज ऐकलेला नव्हता. "मघाशी चार म्हनलास तवाच कळलं. म्हटलं, असू दे, एकदा केलं. अरे, उशीर केलास, काय म्हनलो का मी? वर्षभर प्रस्तावित प्रस्तावित करत बसलास, हसलोच ना? पन आता मला दिसत न्हाई. तू जे सांगशील तेच मला दिसनार हाय. अन् तूच खोटं वाचू लागलास तर मी बघू कुठं?"

त्याने फासा मुठीत घेतला आणि मान दाराकडे वळवली.

"ये गं," त्याने वहिनींना हाक मारली. "इथं बस जरा."

वहिनी सूप बाजूला ठेवून आल्या आणि आमच्या मध्ये स्टूल ओढून बसल्या. खेळ मध्येच सोडायचा नाही असं तो म्हणाला. आम्ही तो संपवला. पुढचे सगळे फासे, माझेसुद्धा, वहिनींनी वाचले.